काळी दारू, निर्धूम दारू आणि नळीतील दाब

जुन्या घडणीच्या रायफलींचा अभ्यास करणाऱ्यांमध्ये एक वाद शतकाहून अधिक काळ चालत आलेला आहे, आणि त्या रायफली शतकापूर्वीच्या अस्सल असोत किंवा त्यांच्या नमुन्याबरहुकूम आज इटलीत व जपानात घडवलेल्या असोत, तो वाद सारख्याच हिरिरीने खेळला जातो. काळ्या दारूसाठी योजलेल्या हत्यारात निर्धूम दारूचे काडतूस चालवावे काय, आणि चालवावयाचे तर किती दाबाच्या मर्यादेपर्यंत, हा तो वाद होय. एका पक्षाचे म्हणणे असे की काळी दारू जातीनेच सौम्य असून निर्धूम दारू ही जुन्या पोलादाची उपजत वैरीण आहे. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे की दाबाचा परमोच्च आकडा मर्यादेत राखला म्हणजे आत जळते ते काळे की पिवळे याच्याशी हत्याराला काही कर्तव्य नाही. दोन्ही मतांत सत्याचा अंश आहे आणि दोन्ही अपुरी आहेत; कारण दाबाचा आकडा कोणत्या यंत्राने मोजला, तो दाब नळीच्या कोणत्या भागावर किती काळ टिकला, आणि त्याचा भार शेवटी हत्याराच्या कोणत्या अवयवाने उचलला, याचा तपशील जोडल्याशिवाय त्या आकड्याला अर्थच येत नाही, असे माझे मत या विषयाचा इतिहास चाळताना उत्तरोत्तर दृढ होत गेले आहे.

इतिहासाचा आरंभ बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञापासून करणे न्याय्य ठरेल. १७४२ साली प्रसिद्ध झालेल्या ‘न्यू प्रिन्सिपल्स ऑफ गनरी’ या ग्रंथात त्याने टांगत्या लंबकावर गोळी झाडून तिचा वेग काढण्याची युक्ती सांगितली आणि दारूच्या वायूचा दाब वातावरणाच्या सुमारे एक हजार पट असला पाहिजे असे अनुमान बांधले. हाच रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य अभियंता म्हणून दक्षिण हिंदुस्थानात आला आणि १७५१ मध्ये फोर्ट सेंट डेव्हिड येथे मरण पावला, हे आपल्याकडे फारसे कोणास ठाऊक नसते. त्याच्यानंतर अर्धशतकाने, १७९७ मध्ये, काउंट रम्फर्ड याने प्रत्यक्ष वजने लादून दारूचा दाब तोलण्याचे धाडसी प्रयोग केले आणि तो पन्नास हजार वातावरणांच्याही वर नेऊन ठेवला. एक हजार आणि पन्नास हजार! दोन्ही माणसे चोख, दोघांच्याही प्रयोगांची नोंद आदराने घेतली गेलेली, आणि तरी निष्कर्षांत पन्नास पटींचे अंतर. दाब मोजणे हे दाब निर्माण करण्याहून किती अवघड आहे, याचा याहून ठळक दाखला सापडणे कठीण.

हा घोळ मिटवण्याचे श्रेय एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील काही माणसांकडे जाते. अमेरिकेत थॉमस रॉडमन या लष्करी अधिकाऱ्याने १८६० च्या आसपास तोफेच्या भिंतीत एक दट्ट्या बसवून त्याच्या धारेने तांब्याच्या तुकड्यावर उमटलेल्या खुणेची लांबी मोजण्याची रीत काढली, आणि तिच्याच आधारे दारूचा दाणा मोठा व सच्छिद्र केला असता दाबाचे शिखर कसे खाली येते हे दाखवून दिले. इंग्लंडात न्यूकॅसलजवळच्या एल्सविक कारखान्यातील अँड्र्यू नोबल याने धारेच्या जागी तांब्याचा लहानसा दंडगोल ठेवून तो किती चेपला यावरून दाब ठरवण्याची पद्धत रूढ केली. पुढील शंभर वर्षे सर्व जगाने थोड्याफार फरकाने तीच चालवली. याच नोबलने फ्रेडरिक एबल या रसायनज्ञाच्या साहाय्याने पोलादी बंद पात्रात दारू जाळून जे निष्कर्ष १८७५ मध्ये प्रसिद्ध केले, ते काळ्या दारूच्या सौम्यपणाबद्दलची भाबडी समजूत कायमची दूर करण्यास पुरेसे आहेत. पात्रात दारू गच्च भरून निसटण्यास कोठेही वाट न ठेवता ती पेटवली असता चौरस इंचास सुमारे ४२ टन, म्हणजे ६,४०० वातावरणांच्या घरात दाब चढतो, असे त्यांना आढळले. आजच्या चालीच्या लष्करी रायफलीच्या कमाल दाबाहूनही हा आकडा पुष्कळ वरचा आहे. तेव्हा काळी दारू मोठा दाब देऊच शकत नाही हे विधान साफ चुकीचे आहे.

मग प्रत्यक्ष रायफलीत ती इतकी निमूट कशी वागते? पंचाहत्तर भाग शोरा, पंधरा भाग कोळसा आणि दहा भाग गंधक या मिश्रणाच्या जळण्यातून वजनाने जेमतेम त्रेचाळीस टक्के वायू निघतो आणि उरलेले सत्तावन्न टक्के घन द्रव्य धूर व काजळी या रूपाने मागे राहते. एका ग्रॅममागे वायूचे घनफळ, सामान्य तापमानाला आणून मोजले तर, २८० घन सेंटिमीटरच्या आसपास भरते. निर्धूम दारूत तेच तिपटीहून जास्त होते, कारण तिचे जवळजवळ सर्व वजन वायुरूप होऊन जाते. परंतु याहूनही महत्त्वाची गोष्ट ज्वलनाच्या वेगाची आहे. काळ्या दारूच्या दाण्याची ज्योत भोवतालच्या दाबाला फारशी जुमानत नाही. दाब दुप्पट झाला तरी ती काहीशीच घाईने आत सरकते. गोळी जागची हलली, मागे पोकळी वाढली, आणि दाबाचे शिखर येऊन गेले, एवढ्यात दारूचा ज्वलनक्रम आपल्या ठरल्या चालीने चाललेला असतो. म्हणून पितळी काडतुसात काठोकाठ भरून, गोळीखाली किंचित दाबून ठेवलेल्या काळ्या दारूचा दाब साधारणतः चौरस इंचास पंधरा ते पंचवीस हजार पौंडांच्या दरम्यान घुटमळत राहतो. काडतुसाच्या पोटात यापेक्षा अधिक दारू मावतच नाही, ही त्या काळच्या भरणाऱ्याला लाभलेली, त्याने न मागितलेली मोठी हमी होती.

१८८४ मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय याने नायट्रोसेल्युलोज विरघळवून, त्याचा लगदा लाटून व कापून जी निर्धूम दारू सिद्ध केली, तिने ही हमी काढून घेतली. व्हिएयने दाखवून दिलेला नियम असा की या पदार्थाच्या पृष्ठभागाची ज्योत दाबाच्या जवळजवळ प्रमाणात वेगवान होते. दाब वाढला की ज्वलन वाढते, ज्वलन वाढले की दाब आणखी वाढतो, आणि या परस्परपोषक क्रमाला आवर घालण्यास दाण्याचा आकार, त्यावरील लेप आणि गोळीचे पुढे सरकणे एवढेच उपाय शिल्लक राहतात. फ्रान्सने १८८६ मध्ये लेबेल रायफल याच दारूवर उभी केली; पुढच्याच वर्षी आल्फ्रेड नोबेलचे बॅलिस्टाइट आले; आणि १८८९ मध्ये एबल व ड्यूअर यांनी इंग्लंडासाठी कॉर्डाइट सिद्ध केले, ज्यात नायट्रोग्लिसरीन ५८ टक्के, गनकॉटन ३७ टक्के आणि खनिज जेली ५ टक्के असे प्रमाण होते.

ब्रिटिश .३०३ काडतुसाचा प्रवास या स्थित्यंतराचा सर्वांत बोधप्रद नमुना आहे, आणि ज्या देशात पोलिसांच्या खांद्यावर तीच ‘थ्री-नॉट-थ्री’ पिढ्यान्‌पिढ्या पाहिली गेली त्या देशाच्या वाचकाला तो ठाऊक असावा असे वाटते. १८८८ ची ली-मेटफर्ड रायफल जन्माला आली ती काळ्या दारूसाठीच. दाबून गोळा केलेली सुमारे सत्तर ग्रेन दारू २१५ ग्रेनच्या गोळीला सेकंदास १,८५० फुटांच्या आसपास वेग देत असे. तीन-चार वर्षांत त्याच पितळेत तीसेक ग्रेन कॉर्डाइटच्या काड्या भरल्या गेल्या आणि वेग दोन हजार फुटांच्या घरात गेला. निम्म्याहून कमी वजनाच्या दारूने अधिक काम केले, हा विजय सर्वांनी पाहिला. पण पितळेच्या पोटात जी मोकळी जागा राहिली तिचे गांभीर्य ओळखणारे थोडे होते. ज्या काडतुसात आता दुप्पट दारू सहज मावू शकते, त्या काडतुसाने भरणाऱ्याच्या चुकीला क्षमा करण्याचा गुण गमावलेला असतो. या रायफलीने दुसराही धडा दिला. विल्यम मेटफर्डने काळ्या दारूची काजळी साठू नये म्हणून उथळ व गोलसर कडांचे सात आटे योजले होते. कॉर्डाइटच्या प्रखर उष्णतेने ते इतक्या झपाट्याने झिजले की १८९५ मध्ये एनफिल्डच्या पाच खोल आट्यांना जागा द्यावी लागली, आणि बोअर युद्धातील अनुभवानंतर १९०१ मध्ये कॉर्डाइटचेच प्रमाण बदलून नायट्रोग्लिसरीन ५८ वरून ३० टक्क्यांवर उतरवण्यात आले. येथे घात दाबाने केला नव्हता, उष्णतेने केला होता. आणि ‘दाब सारखाच असला म्हणजे झाले’ असे म्हणणाऱ्यांनी या उदाहरणापाशी थोडे थांबावे.

आता मोजमापाकडे वळू, कारण या क्षेत्रातील निम्मे वाद आकड्यांचे नसून मापांचे असतात. तांब्याचा दंडगोल चेपण्याची नोबलची रीत स्वस्त, टिकाऊ आणि पुनःपुन्हा सारखे उत्तर देणारी खरी. पण तांबे हे सावकाश लादलेल्या वजनावर पारखून घेतलेले असते आणि नळीतला दाब सेकंदाच्या हजाराव्या भागात येऊन जातो. तेवढ्या अवधीत तांब्याला पुरते चेपण्यास सवड मिळत नाही. म्हणून उंच दाबाच्या काडतुसांत तांब्याचा आकडा खऱ्या शिखराच्या पुष्कळ खाली राहतो. क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये शोधलेल्या गुणधर्माचा, म्हणजे काही स्फटिक दाबले असता त्यांवर विद्युत्‌भार उमटतो या गोष्टीचा, उपयोग करून दाबाचा संपूर्ण वक्र क्षणोक्षणी टिपता येऊ लागला तेव्हा ही तफावत उघड झाली. अमेरिकेतील शस्त्र-उत्पादकांच्या ‘सामी’ या संस्थेने, जी १९२६ पासून कार्यरत आहे, दोन्ही मापांतील मर्यादा प्रसिद्ध केलेल्या आहेत, आणि त्या शेजारी ठेवून पाहणे उद्बोधक आहे. .३०-०६ काडतुसाची मर्यादा तांब्याच्या मापाने ५०,००० आणि स्फटिकाच्या मापाने ६०,००० पौंड; .३०-३० ची अनुक्रमे ३८,००० आणि ४२,०००; .४५-७० ची दोन्ही मापांनी २८,०००, आणि .४४-४० ची मात्र तांब्याने १३,००० असताना स्फटिकाने ११,०००. म्हणजे उंच दाबाला तांबे कमी दाखवते, मध्यम दाबाला बरोबर दाखवते, आणि अगदी हलक्या दाबाला क्रम उलटतो. एका मापाचे दुसऱ्यात रूपांतर करणारा एखादा सोपा गुणक शोधत बसणे म्हणूनच व्यर्थ आहे. त्यात ब्रिटिशांचे जुने आकडे आणखी निराळे. ते टनांत सांगितले जात, टन २,२४० पौंडांचा, काडतुसाला तेल लावून आणि त्याच्या बुडाशी तांबे ठेवून मोजलेला. .३०३ चा सुमारे १८ ते १९ टनांचा दाब गुणाकाराने चाळीस-बेचाळीस हजार पौंड होतो, तर ‘सामी’च्या दप्तरी त्याच काडतुसाची मर्यादा तांब्याने ४५,००० आणि स्फटिकाने ४९,००० अशी आहे. जुन्या पुस्तकातील टनांचा आकडा नव्या पुस्तकातील पौंडांच्या आकड्याशेजारी मांडून ‘जुनी रायफल एवढे सोसत होती’ असा निर्वाळा देणारा मनुष्य अजाणता हत्याराला धोक्यात घालतो, आणि असे निर्वाळे मी छापील मजकुरात अनेकदा वाचलेले आहेत.

शिखराइतकेच महत्त्व त्याच्या पुढच्या उताराला आहे. नळी ही सर्वत्र सारखी जाड नसते. काडतूस बसते तेथे तिची भिंत भक्कम असते आणि तोंडाकडे ती निमुळती होत जाते. कारागिराने ती निमुळती केली ती काळ्या दारूच्या दाबाचा उतार डोळ्यांपुढे ठेवून. आता एकाच शिखराच्या दोन निर्धूम दारू घेतल्या, एक चटकन जळून जाणारी व एक रेंगाळणारी, तर पहिलीचा दाब गोळी काही इंच पुढे जाताच कोसळतो आणि दुसरीचा नळीच्या मध्यापर्यंत टिकून राहतो. लोखंडाच्या व पोलादाच्या पट्ट्या पिळून व जोडून केलेल्या दमास्कस नळ्यांच्या बाबतीत ही गोष्ट निर्णायक ठरू शकते, कारण त्यांचा एखादा सांधा आतून गंजलेला असेल तर तो कोठे आहे हे बाहेरून कळत नाही. तथापि निर्धूम दारूचा दाब नळीच्या पुढील भागात नेहमीच काळ्या दारूहून अधिक असतो, ही सार्वत्रिक समजूतही खरी नाही. चटकन जळणाऱ्या दारूची थोडी मात्रा त्या भागात काळ्या दारूच्या मोठ्या मात्रेहून हलका दाब देऊ शकते. प्रत्येक दारूचा वक्र स्वतंत्र, आणि निवाडा त्या वक्रावरच करावयाचा.

इंग्लंडातील बंदूक-परीक्षागृहांनी हा प्रश्न अनुमानावर न सोडता कायद्याच्या चौकटीत आणला, ही त्यांची मोठीच कामगिरी होय. लंडनच्या बंदूक-कारागिरांच्या कंपनीला १६३७ मध्ये सनद मिळाली, बर्मिंगहॅमचे परीक्षागृह १८१३ मध्ये उभे राहिले, आणि १८९६ व १९०४ च्या नियमांनी निर्धूम दारूच्या परीक्षेची तजवीज होऊन तिची स्वतंत्र मोहर नळीवर उमटू लागली. ती मोहर नसलेली नळी ही केवळ काळ्या दारूचीच समजावयाची, असा शिरस्ता पडला. पण ज्यांच्याजवळ .४५०, .५०० किंवा .५७७ ची उत्तम, महागडी काळ्या दारूची एक्सप्रेस रायफल होती, त्यांनी ती काय मोडीत काढावयाची? या अडचणीतून ‘नायट्रो फॉर ब्लॅक’ या नावाची काडतुसे निघाली, आणि माझ्या मते या साऱ्या इतिहासातील अत्यंत विचारपूर्वक केलेली गोष्ट हीच आहे. त्यांत कॉर्डाइटची मात्रा अशी राखलेली असे की दाब काळ्या दारूच्या मर्यादेत राहावा, गोळीचा वेग जुन्याइतकाच व्हावा, आणि रिकामी जागा भरण्यासाठी दारूवर गठ्ठी ठेवावी. वेग तोच राखण्यामागे आणखी एक सूक्ष्म कारण होते. जोडनळीच्या रायफलीत दोन्ही नळ्यांच्या गोळ्या एकाच जागी लागाव्यात म्हणून त्या नळ्या एकमेकींशी किंचित तिरप्या जुळवलेल्या असतात, आणि ती जुळवणी एका ठराविक वेगाला व ठराविक धक्क्यालाच लागू पडते. वेग बदलला की उजवी आणि डावी गोळी आपापल्या वाटेने जाते. जो दाब हत्यार सोसते तोच दाब निशाणासही मानवतो, असा येथे दोहोंचा सुखद मेळ होता.

याच काडतुसांच्या शेजारी, जॉन रिग्बी यांनी १८९८ मध्ये आणलेले .४५० नायट्रो एक्सप्रेस ठेवून पाहावे. सव्वातीन इंच लांबीच्या पितळेत ७० ग्रेन कॉर्डाइट, ४८० ग्रेनची गोळी, सेकंदास २,१५० फूट वेग आणि सतरा टनांच्या आसपास दाब. सव्वातीन इंची काळ्या दारूच्या .४५० एक्सप्रेसच्या नळीतही ते बसू शके. आकाराने भाऊ आणि स्वभावाने दोन टोके, अशा या काडतुसांची गल्लत होऊ नये म्हणून मोहरा, पेट्यांवरील मजकूर आणि दुकानदाराचे शहाणपण यांवरच भिस्त ठेवावी लागे. हिंदुस्थानात त्यात उन्हाळ्याची भर पडे. कॉर्डाइट तापले की अधिक वेगाने जळते, आणि इंग्लंडच्या थंडीत मर्यादेत असलेला दाब वैशाखातल्या मध्य प्रांताच्या रानात वर चढे. म्हणून कारखानदारांनी उष्ण देशांसाठी कमी मात्रेची ‘ट्रॉपिकल’ काडतुसे निराळी काढली. शिकाऱ्यांच्या जुन्या वर्णनांत या संक्रमणाच्या खुणा जागोजाग दिसतात. जिम कॉर्बेट यांनी १९०७ मध्ये चंपावतच्या नरभक्षक वाघिणीच्या मागे जाताना हाती घेतलेली जोडनळीची रायफल .५०० ‘मॉडिफाइड कॉर्डाइट’ अशाच नावाची होती. त्याच सुमारास सरकारने .४५० बोअरच्या काडतुसांच्या आयातीस मनाई केली, कारण ती सामग्री मार्टिनी-हेन्रीच्या उपयोगी पडून बंडखोरांच्या हाती जाईल अशी धास्ती होती, त्यातूनच .४६५ आणि .४७० ही काडतुसे जन्मास आली. बॅलिस्टिक्सच्या तर्काने नव्हे, तर राजकीय हुकुमाने एका बोअरचे भवितव्य ठरले, आणि आज ‘जुन्या घडणीची’ म्हणून ज्या रायफली आपण पाहतो त्यांची मापे काही अंशी त्या हुकुमाची निष्पत्ती आहेत.

आता हत्याराचा कोणता अवयव हा भार उचलतो ते पाहू. नळीची भिंत दाब बाहेरच्या बाजूस रोखते, पण काडतुसाचे बूड मागे ढकलले जाते त्याचा भार ब्रीचच्या यंत्रणेवर येतो, आणि तो भार म्हणजे दाब गुणिले बुडाचे क्षेत्रफळ. .४५-७० च्या बुडाचा व्यास अर्ध्या इंचाहून किंचित जास्त. २८,००० पौंड दाबाला बाह्य मापांनी हिशेब केला तर मागचा रेटा सुमारे ५,६०० पौंड भरतो. .३०-३० चे बूड .४२ इंचाचे, त्याच्या ४२,००० पौंड दाबाला रेटा होतो सुमारे ५,८५० पौंड. पितळ नळीच्या भिंतीला चिकटून जो थोडा भार स्वतःवर घेते तो येथे वगळला आहे. तुलनेस त्याने बाध येत नाही. दाबाचे आकडे दीडपटीने भिन्न आणि रेटा जवळजवळ सारखा! उलट .४४-४० च्या ११,००० पौंड दाबाचा रेटा दोन हजार पौंडांच्याही आत राहतो, आणि १८७३ ची विंचेस्टर रायफल, जिच्या मागच्या भागात दोन सांधेदार दुव्यांवर सारा भार तोललेला असतो आणि जिच्या आरंभीच्या बंदुकांचा सांगाडा साध्या लोखंडाचा होता, ती एवढ्याच रेट्यासाठी रचलेली होती. १८९२ च्या नमुन्यात उभ्या कुलपांची भक्कम यंत्रणा आली, आणि तिच्यासाठी त्याच .४४-४० मध्ये अधिक वेगाची निर्धूम काडतुसे निघाली. ती १८७३ च्या बंदुकीत वापरू नयेत अशी सूचना द्यावी लागली, कारण बसायला ती दोन्हींत सारखीच बसत. एका नावाखाली दोन ताकदीची काडतुसे बाजारात आणणे ही कारखानदारांची चूक होती असे मी स्पष्टपणे म्हणेन.

आजच्या प्रतिकृतींनी या प्रश्नाला नवे वळण दिले आहे. इटलीतील गार्दोने व्हाल त्रोम्पिया या गावात पेदेरसोली आणि उबेर्ती यांसारख्या कारखान्यांनी १९५० च्या दशकाच्या अखेरीपासून जुने नमुने पुन्हा घडवण्यास आरंभ केला. विंचेस्टरच्या नावाच्या प्रतिकृती जपानात मिरोकू घडवते. यांपैकी १८७३ च्या प्रतिकृती .३५७ मॅग्नम काडतुसासाठीही मिळतात, ज्याची मर्यादा ३५,००० पौंड आहे. बूड लहान असल्याने रेटा चार हजार पौंडांच्या आसपास राहतो, तरी तो मूळ बंदुकीच्या रेट्याच्या दुप्पट आहे; आणि हे हत्यार इटलीच्या शासकीय परीक्षागृहात मर्यादेच्या वरच्या दाबाने तपासून मगच विक्रीस येते. तेव्हा पोलाद बदलल्याने काही बदलत नाही असे म्हणणाऱ्यांचे येथे चालत नाही. पण या अनुभवावरून आजोबांच्या काळातील अस्सल बंदुकीविषयी काही अनुमान काढणे सर्वथैव अयोग्य आहे. आपल्याकडील उदाहरण द्यायचे तर इशापूरच्या कारखान्याने १९६० च्या दशकात ली-एनफिल्डची जुनीच रचना ७.६२ मिलिमीटरच्या अधिक दाबाच्या काडतुसासाठी घडवली, ती केवळ नळी बदलून नव्हे. सांगाड्याचे व बोल्टचे पोलादच अधिक कसाचे घेऊन कारखान्याने हे साधले. तीच नळी एखाद्या जुन्या .३०३ च्या सांगाड्यावर चढवली असती तर हा हिशेब लागू झाला नसता. उलट बाजूचे उदाहरण अमेरिकेच्या १९०३ च्या स्प्रिंगफील्डचे आहे: रचना निर्दोष, दाब मर्यादेतला, पण पहिल्या आठ लाखांच्या आतील क्रमांकांच्या सांगाड्यांना भट्टीत ताव जास्त लागल्याने ते ठिसूळ निघाले आणि त्यांपैकी काही फुटले. कारागिराने ताव डोळ्यांनी ओळखून द्यावयाचा, आणि उजेड बदलला की लालीचा अंदाज चुकावयाचा, एवढ्या क्षुल्लक वाटणाऱ्या कारणाने हे घडले. दाबाच्या कोणत्याही कोष्टकात ही बाब सापडणार नाही.

.४५-७० काडतुसाच्या भरणीच्या पुस्तकांत या साऱ्याचे व्यावहारिक रूप पाहावयास मिळते. एकाच काडतुसासाठी त्यांत तीन निरनिराळी कोष्टके असतात: १८७३ च्या झाकणवजा ब्रीचच्या स्प्रिंगफील्डसाठी सुमारे १८,००० पर्यंत, लिव्हरच्या बळकट रायफलींसाठी २८,००० व त्यावर, आणि आधुनिक एकबारी रायफलींसाठी चाळीस हजार व त्याहूनही वर. ही पद्धत सुज्ञ आहे, कारण तिच्यात प्रश्न काडतुसाला न विचारता हत्याराला विचारलेला असतो. मात्र कमी दाबाच्या कोष्टकालाही स्वतःचे धोके आहेत. मोठ्या पितळेत निर्धूम दारूची चिमूटभर मात्रा टाकली की ती कधी टोपीजवळ पडून राहते, कधी गोळीकडे घसरते, आणि त्या जागेवरून दाब बदलतो. काळ्या दारूत हा प्रकार होऊ नये म्हणून ती गच्चच भरावी लागते, कारण दारू आणि गोळी यांच्यामध्ये पोकळी राहिल्यास नळीला त्या जागी आतून वळे पडल्याचे दाखले जुन्या रायफलींत वारंवार आढळतात.

आपल्या कोकणात, रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडे, शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर ठेवलेल्या ठासणीच्या बंदुका अजून घराघरांतून आहेत, आणि वर सांगितलेले सर्व त्यांना अधिकच कठोरपणे लागू पडते. त्यांना काडतूस नाही, म्हणून पितळेच्या पोटाची नैसर्गिक मर्यादाही नाही. ठासणाऱ्याच्या हातातले माप हीच एकमेव मर्यादा. केपाचे निपल आणि कान निर्धूम दारूच्या दाबाने मागे येणारा वायू रोखू शकत नाहीत; त्या नळ्यांची जाडी आणि त्यांचे लोखंड कोणत्याही परीक्षागृहाने निर्धूम दारूवर पारखलेले नाही. काडतूस फोडून त्यातली दारू अशा बंदुकीत घालणे हे हाताचे बोट गमावण्याचे नव्हे, प्राण गमावण्याचे काम आहे, आणि हे परवान्याच्या कागदावर छापून द्यावे असे मला मनापासून वाटते. ठासणीच्या बंदुकीला काळी दारूच, तीही मापाच्या नळकांड्याने मोजून, गोळी अथवा छर्रा तिच्यावर पक्का बसवून. अस्सल जुन्या रायफलीला तिच्या मोहरेने मान्य केलेली दारू, आणि मोहर पुसट असेल तर काळीच. आणि प्रतिकृतीला तिच्या कारखानदाराने त्या विशिष्ट बोअरसाठी छापून दिलेली मर्यादा, त्याच मापात वाचून.